छोटं बाथरूम सजवून देण्याचा धंदा: भाव कसा काढायचा?

आरमोरीसारख्या गावात बाथरूम सुधारून द्यायचं काम सुरू करताय? मग "पंधरा हजारात करून देतो" असं तोंडी कधीच बोलू नका. आधी टेप लावा.

समजा बाथरूम 4 बाय 6 फूट आहे. चारही भिंती मिळून 20 फूट. टाइल्स 4 फूट उंच लावल्या तर 80 चौरस फूट, दरवाज्याचे 10 वजा, उरले 70. 12 बाय 18 इंचाची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे 47 नग. तुटफुटीचे 10 टक्के धरून 52. गिऱ्हाईक वरपर्यंत टाइल्स मागेल, पण बजेट तेवढं नसतं. अशा वेळी फक्त नळाची 4 फुटी भिंत 7 फुटांपर्यंत न्या. 8 नगच वाढतात! बाकी भिंतीला ऑइल पेंट.

आता खरी गोची. फरशीवर बादलीभर पाणी ओता. कोपऱ्यात थांबलं तर ढाळ चुकलाय. गळती आणि ढाळाचं काम कागदावर वेगळं लिहा, वेगळा भाव लावा. नाहीतर महिन्याभरात गिऱ्हाईक परत बोलावणार, आणि नव्या टाइल्स फुकटात फोडाव्या लागणार. नव्या माणसाची मजुरी इथेच बुडते.

"धान विकल्यावर देतो" हे आपल्याकडे ऐकावंच लागतं. मजुरीसाठी थोडं थांबा, चालेल. सामानाचे पैसे मात्र आधीच घ्या, किंवा सामान त्यांनाच दुकानातून आणायला सांगा.

आणि हो, तुम्ही स्वतः गवंडीकाम करत असाल तर 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना बघा. त्यात गवंडी येतात. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने.