वाचून दाखवणारं यंत्र, पण ते सुरू कोण करणार?

२००९ साली अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी जाडजूड पाठ्यपुस्तकांऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती किंडल डीएक्स हे ई-बुक वाचायचं यंत्र देऊन पाहिलं. त्यात मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय होती. म्हणजे अंध मुलांना पर्वणीच की! पण गंमत बघा, हा आवाज सुरू करायला आधी मेनूत जावं लागे आणि मेनू मात्र मुका. पुस्तक निवडायलाही डोळेच हवेत.

जून २००९ मध्ये अंधांच्या दोन संघटना आणि एक अंध विद्यार्थी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेले. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी महाविद्यालयांच्या प्रमुखांना पत्र लिहून बजावलं, की अंध विद्यार्थ्याला वापरता न येणारं यंत्र वर्गात सक्तीचं करणं हा भेदभाव आहे. तितक्याच सोयीची दुसरी व्यवस्था दिली तरच चालेल. काही महिन्यांत आलेल्या नव्या किंडलमध्ये मेनू बोलू लागला. इतकं सोपं होतं, तर आधीच का नाही केलं?

आता आपल्या वर्गाकडे येऊ. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, ते मेनूसुद्धा बोलून दाखवतं, मराठीही वाचतं. अडतं ते आपण ग्रुपवर टाकतो त्या पीडीएफपाशी. पान स्कॅन केलेलं असेल तर फोनच्या लेखी तो नुसता फोटो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आणखी वाईट, कारण डोळ्यांना मराठी दिसतं आणि कानावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ पडतो.

शिक्षक मित्रांनो, तपासायला अर्धा मिनिट पुरतं. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर बहुतेक ठीक. भलतीच चिन्हं आली किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल अंध मुलासाठी कोरीच.

स्कॅन केलेलं पान गुगल ड्राइव्हमध्ये डॉक्स म्हणून उघडलं की मजकूर वेगळा होतो. जोडाक्षरांच्या चुका राहतात, त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. तक्ते विस्कटतात. आकृतीचं वर्णन तर आपल्यालाच दोन-तीन वाक्यांत लिहून द्यावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो.