ऑलिव्हचं तेल की आपलं गोडेतेल?

मैत्रिणींनो, बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सासऱ्यांना हार्टचा त्रास झालाय. मुलगा म्हणतो, आता ऑलिव्हचंच तेल आणा. ते फार महाग आहे. गटातून कर्ज घेऊ का?" हा प्रश्न अनेकींच्या घरात आहे. म्हणून आजचा पाठ तेलाचा.

ऑलिव्हचं तेल म्हणजे काय?
ऑलिव्ह म्हणजे जैतून. स्पेन, इटली, ग्रीस या देशांत त्याची झाडं भरपूर. आपण दाण्यातून तेल काढतो, तिकडे फळ गरासकट दळून काढतात. रसायन न वापरता, फार न तापवता काढलेलं उत्तम प्रतीचं तेल म्हणजे 'एक्स्ट्रा व्हर्जिन'.

त्यात असतं काय?
कुठल्याही तेलात तीन प्रकारची चरबी असते. पहिली संपृक्त, म्हणजे थंडीत थिजणारी. ती तूप, वनस्पती तूप, पामतेलात जास्त. दुसरी ऑलिक, तिसरी लिनोलिक. ऑलिव्हच्या तेलात ऑलिक सुमारे 70 टक्के आणि संपृक्त साधारण 14 टक्के असते. शिवाय ई जीवनसत्त्व आणि घशाला किंचित झोंबणारे काही उपयोगी घटक असतात.

फायदा होतो का?
होतो. संपृक्त चरबीच्या जागी ऑलिक चरबी खाल्ली तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं. स्पेनमध्ये हृदयरोगाचा धोका असलेल्या 7,447 लोकांचा अभ्यास झाला. त्यात हे तेल घेणाऱ्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात यांचं प्रमाण सुमारे 30 टक्के कमी दिसलं. पण नीट ऐका: ते लोक सोबत भाजी, फळं, कडधान्यं, मासेही खात होते. नुसत्या तेलाची ही करामत नाही.

मग आपलं तेल?
आपल्या शेंगदाणा तेलातही जवळजवळ निम्मी चरबी ऑलिकच असते! करडईच्या तेलात लिनोलिक सुमारे पाऊण हिस्सा असते, तीही कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करते. ही दोन्ही तेलं आलटून पालटून वापरली तर दोन्हींचा लाभ मिळतो.

म्हणून ताई, तेलासाठी कर्ज नको. सासऱ्यांच्या गोळ्या मात्र वेळेवर द्या. कुठलंही तेल औषधाची जागा घेत नाही.

घरी एवढं करू या
1. तेल मोजून वापरा. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम पुरे. म्हणजे अशा चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन किलो. तेल महाग असो की स्वस्त, एका ग्रॅमला 9 कॅलरी ठरलेल्याच.
2. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.
3. वनस्पती तूप बंद करा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक आकडा आणायचा: आपल्या घरात महिन्याला तेल किती लागतं आणि माणसं किती. हिशोब सगळ्या मिळून करू.