‘मला इंटरेस्ट नाही, मॅडम’ : कॉलेजच्या मुलांचा दिवस आणि पैशाची काळजी



आज जो विषय घेते आहे तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण आपल्या प्रत्येक वर्गात तो असतोच.

मी चिंचवडमध्ये इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. मागे एकदा आम्ही चाकणच्या एका कारखान्याची भेट ठरवली होती. बसचे प्रत्येकी ३५० रुपये काढायचे होते. वर्गातला एक मुलगा, वर्कशॉपमध्ये नेहमी सगळ्यांच्या पुढे असणारा, नेमका तोच म्हणाला, "मला इंटरेस्ट नाही, मॅडम." मी मेंटॉरच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘उदासीन. उपक्रमात सहभाग नाही.’

दोन महिन्यांनी पालक सभेला त्याचे वडील आले. चाकणलाच कंत्राटी कामगार आहेत. मी तक्रारीच्या सुरात ही गोष्ट सांगितली. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्याकडं मागितलेच नाहीत त्यानं. त्या महिन्यात मला ब्रेक दिला होता. मी घरात बोललो नव्हतो, पण त्याला कळलं असणार."

म्हणजे बघा, बाप मुलापासून लपवत होता, मुलगा बापापासून लपवत होता आणि मी ‘उदासीन’ लिहून मोकळी झाले होते. पैशाची चणचण वाईट असतेच. पण ती लपवण्यात मुलांची जी शक्ती जाते, ती आपल्याला दिसतही नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आपल्या गावाचं बदललेलं चित्र

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. त्या पिढीत ‘कंपनीत परमनंट’ हे दोन शब्द म्हणजे घराचा पाया होता. पगाराची तारीख ठरलेली, दिवाळीचा बोनस ठरलेला, मुलाची फी कधी भरायची तेही ठरलेलं.

आज वर्गात बसलेल्या अनेक मुलांच्या घरी तसं नाही. वडील कंत्राटदाराकडे. काही महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार. उत्पन्न अगदीच कमी असतं असंही नाही, पण ते कधी थांबेल याचा भरवसा नसतो. दुसरीकडे मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली मुलं आहेत. थेरगाव, वाल्हेकरवाडी, आकुर्डीत चार-पाच जणांत एक रूम किंवा कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्या घरचा पैसा पावसावर आणि सोयाबीन-कापसाच्या भावावर. आणि याच वर्गात प्राधिकरणातल्या बंगल्यातून गाडीवर येणारी मुलंही असतात. बाक एकच, कँटीन एकच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही एकच.

मुलं ‘पैसे नाहीत’ असं म्हणत नाहीत

मग काय म्हणतात? गेल्या काही वर्षांत मी ऐकलेली ही वाक्यं वाचा.

- "आज उपवास आहे." (आठवड्यातून तीनदा उपवास असेल, तर मेसचा एकच वेळचा डबा लावलेला नाही ना, ते बघावं.)
- "प्रिंट काढायची राहिली." (चाळीस पानी जर्नल, दोनदा दुरुस्ती, दोनदा प्रिंट.)
- "ग्रुपवरचा मेसेज बघितला नाही." (रिचार्ज संपलेला असू शकतो.)
- "बस चुकली." (चालत आलेला असू शकतो.)
- "घरचे ट्रिपला सोडत नाहीत." (घरी विचारलेलंच नसतं.)

आता यातलं प्रत्येक वाक्य कधी कधी खरंही असतं, बरं का! प्रत्येक उशिरामागे गरिबी शोधत बसू नये. पण एकाच मुलाकडून अशी तीन वाक्यं एका महिन्यात आली आणि तीही वीस तारखेनंतर, तर थांबून विचार करावा.

दिवस कसा कापला जातो

आपल्याला वाटतं, पैशाचा प्रश्न म्हणजे फीचा प्रश्न. फी वर्षातून एकदा-दोनदा येते. काळजी मात्र रोज येते. सकाळी नाश्ता करायचा की थेट दुपारी जेवायचं? रिक्षा की पायी? कँटीनमध्ये मित्रांबरोबर बसायचं की लायब्ररीत जाऊन ‘अभ्यास आहे’ म्हणायचं? संध्याकाळी प्रोजेक्टसाठी थांबायचं की डिलिव्हरीच्या, नाहीतर पॅकिंगच्या कामावर पळायचं? रात्री एकला येऊन झोपलेला मुलगा सकाळच्या पहिल्या लेक्चरला पेंगतो आणि आपण म्हणतो, ‘रात्रभर मोबाईल बघत असेल.’

अशा काळजीचा डोक्यावर काय परिणाम होतो, याचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीच्या काही चाचण्या दिल्या. एकदा ऊस तुटण्याआधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा पैसे हातात आल्यावर. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. शेतकरी तेच होते, पण चणचणीच्या दिवसांत त्यांची कामगिरी घसरलेली दिसली. माणूस मंद झालेला नव्हता, त्याचं निम्मं डोकं हिशेबात अडकलेलं होतं. ऊस आपल्याला काही नवा नाही. आता याच जागी महिन्याच्या पंचवीस तारखेला मॅथ्सचा पेपर सोडवणारा मुलगा बसवून बघा.

दबाव दोन्ही बाजूंनी

पहिला दबाव मित्रांचा. वाढदिवस आला की केक, मग पार्टी, मग खर्चाची समान वाटणी. फोनवर लगेच ‘तुझे २८० झाले’ असा मेसेज येतो. पूर्वी उधारी चार दिवस विसरता यायची, आता ती स्क्रीनवर राहते. ट्रॅडिशनल डे, फेअरवेल, ग्रुपचा एकसारखा टी-शर्ट, यातलं काहीच सक्तीचं नसतं. पण नाही म्हणणारा गटातून हळूहळू बाहेर पडतो आणि नोट्स, प्रोजेक्टचा पार्टनर, नोकरीच्या मुलाखतीची खबर हे सगळं त्या गटातूनच मिळतं. म्हणून मुलं २८० रुपये देतात आणि दोन दिवस जेवण आखडतात.

दुसरा दबाव घरचा, आणि तो प्रेमाचा असल्यामुळे जास्त जड. ‘तुझ्यासाठी जमीन गहाण टाकली.’ ‘आमचं झालं ते झालं, तू साहेब हो.’ गावाकडे सांगून झालेलं असतं की पोरगा पुण्याला इंजिनिअर होतोय. अशा मुलाचा एक विषय राहिला तर त्याला फक्त पुन्हा परीक्षा द्यायची नसते, गावाला तोंड द्यायचं असतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती. फी जड झाली की ‘शिक्षण थांबवू, स्थळ चांगलं आलंय’ ही चर्चा सुरू होईल, म्हणून अनेक मुली खर्चाचा शब्दच काढत नाहीत.

लपवण्याची किंमत : अ‍ॅपवरचं कर्ज

जिथे लाज असते तिथे सावकार असतो. आता तो फोनमध्ये आहे. समजा, ५,००० रुपयांचं कर्ज घेतलं. ‘प्रोसेसिंग’ म्हणून १,००० कापून हातात ४,००० दिले आणि पंधरा दिवसांत ५,००० परत मागितले. मुलाला वाटतं, हजारच तर गेले. पण चार हजारांवर पंधरा दिवसांत हजार म्हणजे २५ टक्के. वर्षाचा दर काढला तर सुमारे ६०० टक्के! हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवा. पाच मिनिटं लागतात.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे. वार्षिक दर आधी लेखी सांगितला पाहिजे. अ‍ॅपला फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो वापरता येत नाहीत. ‘तुझ्या सगळ्या नातेवाइकांना मेसेज करू’ अशी धमकी आली, तर ती मुकाट्याने सोसायची नसते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण त्यासाठी मुलाने आधी कुणाला तरी सांगितलं पाहिजे. तिथेच गाडी अडते.

पूर्वी काय होतं?

जुन्या पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यात उपकाराची बोच होती, आणि ही सोय जातीच्या चौकटीतलीच होती, हेही खरं. पण मुलाची गरज चार घरांना ठाऊक असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणलं आणि सांगितलं की मेहनत करून शिकण्यात कमीपणा नाही. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, ती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठीच. पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेलाही कर्मवीरांचंच नाव आहे.

या सगळ्यात गरज उघड होती आणि तिच्यावर उपायही उघड होता. आज सगळ्यांच्या हातात सारखाच दिसणारा फोन आहे. गरज कपड्यांवरून दिसत नाही, म्हणून मुलगा एकटा पडतो.

शिक्षकांनी काय करावं?

१. मार्क विचारण्याआधी दिवस विचारा. ‘सकाळी किती वाजता उठतोस, कशाने येतोस, दुपारी कुठे जेवतोस, संध्याकाळी कुठे असतोस?’ एवढ्यात बरंच कळतं. ‘पैशाची अडचण आहे का?’ असं थेट विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं.

२. पैसे न भरलेल्यांची नावं वर्गात वाचू नका, ग्रुपवर टाकू नका.

३. जर्नल दोन्ही बाजूंनी छापलेलं चालेल, दुरुस्ती हाताने केलेली चालेल, असं सांगून टाका. आपल्याला काहीच खर्च नाही.

४. महाडीबीटीच्या अर्जाची आठवण फक्त सूचना फलकावर लावू नका, एकेकाला विचारा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना याच मर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

५. मूल फारच खचलेलं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पालकांनी काय करावं?

१. मुलाला आकडा सांगा. ‘काळजी करू नको, आम्ही आहोत’ हे म्हणा, पण त्यासोबत महिन्याला किती येतात, कर्जाचा हप्ता किती, तुझ्यासाठी किती ठेवलेत, हेही सांगा. आकडा कळला की मूल त्यात बसवून घेतं. आकडा नसला की ते भीतीनेच जगतं.

२. गहाण टाकलेल्या जमिनीची आठवण भांडणात काढू नका.

३. वडील किंवा आई कारखान्यात असतील तर जून आणि डिसेंबरची पगाराची पावती बघा. कामगार कल्याण निधीची कपात दिसली, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीची चौकशी करा. कपात कितीशी, काही रुपयांची! पण अनेकांना तिचा उपयोगच ठाऊक नसतो.

४. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. एक खाडा पडेल, पण वर्षाची सवलत वाचेल.

हा शेवटचा मुद्दा मी अनुभवातून लिहिते आहे. पालक सभेच्या त्याच दिवशी कळलं की त्या मुलाने शिष्यवृत्तीचा नूतनीकरणाचा अर्ज भरलेलाच नव्हता. दाखल्यासाठी वडिलांना दोन-तीन चकरा माराव्या लागल्या असत्या. नव्या कंत्राटदाराकडे नुकतेच रुजू झालेले, खाडे झाले तर काम जाईल, म्हणून मुलगा घरी बोललाच नाही. निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत तो दोन दिवसांच्या मजुरीपायी सोडून द्यायला निघाला होता. बापाला त्रास नको म्हणून! नशिबाने अर्जाला मुदतवाढ मिळाली आणि काम झालं. ती मिळाली नसती, तर माझ्या वहीतली नोंद मात्र तशीच राहिली असती, ‘उदासीन’.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

मुलांना एका दिवसाचा हिशेब लिहायला सांगा. चार रकाने असू द्या : वेळ, काय केलं, किती खर्च झाला आणि कुणासाठी झाला (स्वतःसाठी, घरासाठी की मित्रांना दाखवण्यासाठी). कागदावर नाव लिहायचं नाही. मग कागद गोळा करून, कुणाचा कोणता हे न कळता, काही नोंदी वाचून दाखवा. आमच्या वर्गात हा तास घेतला तेव्हा सुरुवातीला हशा झाला, मग शांतता. तास संपल्यावर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मला वाटायचं, माझंच असं आहे."

त्या वाक्यासाठी हा तास जरूर घ्या. आणि पालकहो, आज रात्री जेवताना एकदा घरातला आकडा बोलून बघा.