बँडसाठी बांधलेली चाल

१. आधी खालचे सूर ऐका.
पुण्यात बिबवेवाडीत लग्नसराई सुरू झाली की संध्याकाळी एखादी तरी वरात घराखालून जातेच. ट्रंपेट आणि क्लॅरोनेटवरची चाल न मागता कानात शिरते. मी मुद्दाम सवय लावून घेतली ती युफोनियमवाला काय करतोय, हे ऐकायची. वरातीत बहुतेकदा तोही तीच चाल खालच्या सप्तकात वाजवत असतो. लष्करी किंवा पोलिस बँडमध्ये मात्र प्रत्येकापुढचा कागद वेगळा असतो. त्या कागदांवर काय लिहायचं हे ज्यानं ठरवलं, तो बँडचा संगीतकार. चाल सुचली की त्याचं निम्मंच काम झालेलं असतं.

२. चाकोन हा प्रकार आपल्याला परका नाही.
गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देता यावं म्हणून संस्कृत शिकला, ‘सावित्री’ नावाचा ऑपेराही त्यानं लिहिला. आपल्याकडे त्याची ओळख असलीच तर एवढीच. पण तरुणपणी तो पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवत असे, आणि १९०९ साली त्यानं खास बँडसाठी ‘फर्स्ट सूट इन ई फ्लॅट’ लिहिला. त्याचा पहिला भाग चाकोन. आठ मापांची एक चाल सुरुवातीला ट्युबा आणि युफोनियमवर एकटीच येते, मग पुन:पुन्हा येत राहते आणि तिच्यावर बाकीची वाद्यं आपापलं काम करतात. तबल्याच्या एकलवादनात लेहरा चालू असतो ना, तसंच. फरक इतकाच की हा लेहरा मधूनच खालून वर, क्लॅरोनेटकडे जातो, आणि एका ठिकाणी होल्स्ट त्याला चक्क उलटा करतो: चढणारे सूर उतरतात, उतरणारे चढतात. ही जागा कानाला सापडली की पुढचे दोन्ही भागही त्याच सुरांतून निघालेत, हे कळायला वेळ लागत नाही. तिन्ही भाग न थांबता सलग वाजवावेत, अशी त्याची सूचनाच आहे. म्हणून ऐकणाऱ्यानंही मधे चहाला उठू नये.

३. बँड संगीतकाराकडून काय मागतो, ते मास्टर कृष्णरावांना विचारावं.
मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले, पुढे प्रभातच्या ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतकार. ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावं म्हणून ते झटले. पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेला मुद्दा चालीचाच होता. राष्ट्रगीत परदेशातल्या वाद्यवृंदांना आणि बँडना सहज वाजवता यायला हवं; ‘जन गण मन’ १९४७ मध्ये न्यूयॉर्कला वाजलं होतं आणि ऐकणाऱ्यांना आवडलंही होतं. यावर कृष्णरावांनी केवळ पत्रकं काढली नाहीत. मुंबई पोलिस बँडचे इंग्रज प्रमुख गार्डनर यांना गाठून त्यांनी झिंझोटीतली आपली चाल बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत प्रात्यक्षिकंही दिली.

मला विचाराल तर ‘वंदे मातरम्’ बँडवर सहज वाजणार नाही, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कॉर्नेटच्या कळा दाबून गळ्यातली मींड निघत नाही, आणि वादकाला श्वास घ्यायला जागा लागते. उघड्यावर, चालत्या पावलावर, तार सप्तकातला नाजूक कणस्वर विरून जातो. ख्यालगायकानं आपल्या चालीतलं काय सोडायचं आणि काय राखायचं? कृष्णरावांनी ती कसोटी स्वतःहून ओढवून घेतली, याचं मला होल्स्टपेक्षाही अप्रूप वाटतं. २४ जानेवारी १९५० ला निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूनं लागला. ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला.

४. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तो ट्युबा गिळून टाकतो.

५. ‘हॅमरस्मिथ’ सर्वांत शेवटी.
होल्स्टची १९३० मधली ही रचना, बीबीसीच्या मिलिटरी बँडसाठी लिहिलेली. खाली संथ थेम्स वाहते, वर बाजारातली गर्दी धक्काबुक्की करते. नदीला गर्दीशी काही देणंघेणं नाही. मार्केट यार्डाशेजारी राहणाऱ्याला गर्दी समजावून सांगावी लागत नाही, नदीसाठी मात्र धीर धरावा लागतो. पहिल्या ऐकण्यात हाती फार लागत नाही.

६. मोठा बँड नाही म्हणून अडत नाही.
‘फर्स्ट सूट’मधली बरीच वाद्यं होल्स्टनं ऐच्छिक ठेवली आहेत, लहान बँडनाही वाजवता यावं म्हणून. आपल्याकडे मिरवणुकीत मानाच्या गणपतींपुढे वाजवणारे प्रभात ब्रास बँडसारखे कसलेले वादक आहेत. एखाद्या मंडळानं एक संध्याकाळ त्यांना अण्णाभाऊ साठे सभागृहात खुर्च्यांवर बसवावं, पुढे कागद ठेवावेत, तालमीचेही पैसे द्यावेत. होल्स्ट आणि कृष्णराव एकाच कार्यक्रमात. वर्गणी मी देईन.