मेलेल्या माकडाची वर्दी

फाल्गुनात काजू पिकू लागला, म्हणजे आमच्या बांद्याकडील बागांतून माणसांची वर्दळ वाढते. एके वर्षी मी धाकट्या भावास घेऊन बोंडू वेचावयास व भाजावळीसाठी पातेरा गोळा करावयास गेलो असता गडग्याशी एक माकड मरून पडलेले दिसले. ‘म्हातारे झाले असेल,’ एवढे म्हणून मी पुढे गेलो. ती माझी अक्षम्य गफलत होती. सायंकाळी भावाच्या पोटरीवर राईएवढी एक गोचीड सापडली. ती त्याने नखाने चिरडली, आणि आम्ही दोघेही ती गोष्ट विसरलो. सहाव्या दिवशी त्यास एकाएकी सणसणून ताप भरला, डोके असह्य ठणकू लागले, डोळे लाल झाले. तरी साधा ताप समजून मी चार दिवस घरगुती काढ्यांत दवडले. तो वाचला खरा, परंतु पुन्हा उभा राहून कामास लागेपर्यंत पावसाळा आला.

हा माकडताप. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर अरण्यात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१६ साली आमच्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. बाधित माकड मेले, की त्याच्या अंगावरील गोचिडी गळून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणूनच ते कलेवर म्हणजे त्या जागेच्या धोक्याची पहिली वर्दी होय. माणसापासून माणसास हा रोग होत नाही. तेव्हा रोग्यास वाळीत टाकण्याचे कारण नाही.

प्रत्येक गोचीड बाधित नसते. म्हणून धास्ती न घेता स्थळ, काळ आणि माकडांचे मरण या तिहींचा विचार करावा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, आणि घरी येताच अंग न्याहाळून साबणाने स्नान करून कपडे ऊन पाण्यात टाकावेत. चिकटलेली गोचीड चिरडू नये, तिजवर रॉकेल ओतू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढावी. पुढील आठ-दहा दिवसांत ताप आलाच, तर रानात गेल्याची हकीकत डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. या रोगावर रामबाण औषध नाही, वेळेवर झालेली शुश्रूषाच रोग्यास तारते.

आणि मेलेले माकड दिसले, तर त्यास हात लावू नये, पण ओलांडून पुढेही जाऊ नये. त्याच पावली परतून आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास वर्दी द्यावी. मी ती दिली नाही. त्या चुकीची किंमत माझ्या भावाने मोजली.