लाल क्रोम आणि हिरवा क्रोम

तळेगाव दाभाड्याजवळील नवलाख उंबरे येथे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींभोवती वेल्डिंग, फॅब्रिकेशन, प्लेटिंग करणारे लहान कारागीर असतात. धातूंचे ऑक्साइड त्यांच्या रोजच्या हाताळणीतले. पण त्यांचा स्वभाव कशावर ठरतो हे फार थोड्यांना ठाऊक असते.

धातूने आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकले तर आयनिक बंध होतो. दोघांनी ते वाटून घेतले तर सहसंयुज. एक रोखीची विक्री, दुसरी भागीदारी, असे व्यापारी बंधूंनी समजावे. बहुतेक ऑक्साइडमध्ये दोन्हींचा थोडाफार अंश असतो.

कळीचा चुना मुख्यत्वे आयनिक. म्हणून तो सुमारे २,६०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. ॲल्युमिनियमचा ऑक्साइडही तसाच चिवट. धातू ६६० अंशांना वितळतो, वरचा पापुद्रा मात्र २,०७२ अंशांना! म्हणूनच टिग वेल्डिंगला एसी करंट लागतो. त्याने हा पापुद्रा फुटतो. आधी स्टेनलेस तारेच्या ब्रशने घासणेही तितकेच आवश्यक.

आता क्रोमियम पाहा. तीन इलेक्ट्रॉन गुंतले तर हिरवा ऑक्साइड होतो. तो बराचसा आयनिक, २,४०० अंशांपुढे वितळणारा, पाण्यात न विरघळणारा. सहा इलेक्ट्रॉन देऊन टाकणे धातूला परवडत नाही, तेथे भागीदारीच होते. हाच प्लेटिंगच्या टाकीत जाणारा गडद लाल 'क्रोमिक ॲसिड'. तो १९७ अंशांनाच वितळतो, पाण्यात सहज विरघळून आम्ल बनतो, आणि थिनर किंवा स्पिरिटला लागला तर आग लागू शकते.

विरघळतो म्हणूनच तो शरीरातही शिरतो. टाकीवरील वाफाऱ्याने नाकाच्या पडद्याला भोक पडते. सहा संयुजेचे क्रोमियम फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली नोंदवले आहे. टाकीला एक्झॉस्ट नसेल तर तोंडाला रुमाल बांधून काही साधत नाही.

टाकीचे पाणी तसेच सोडले तर ते ओढ्याने इंद्रायणीत जाणार. त्यात आधी आम्ल घालून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकावे. पिवळा-नारिंगी रंग हिरवट झाला की सहाचा तीन झाला. मग चुन्याची निवळी घालावी, क्रोमियम गाळ होऊन खाली बसते. हा गाळ अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच द्यावा आणि पावती जपून ठेवावी.