नाटकातून बोलीत आलेले शब्द



शेक्सपिअरने इंग्रजी भाषा समृद्ध केली, हे आपण वर्गात ऐकतो. निर्दय सावकाराला ‘शायलॉक’ आणि प्रेमवीराला ‘रोमिओ’ म्हणतात, ती त्याच्याच नाटकांची देणगी. मात्र एखादा शब्द त्याच्या नाटकात सापडला म्हणजे तो त्यानेच घडवला, असे समजू नये. लोकांच्या तोंडचे कितीतरी शब्द त्याने नुसते उचलले. पात्राच्या नावाचाच शब्द झाला, तर मूळ सांगणे सोपे जाते. मराठीतली अशी दोन उदाहरणे पाहू.

पहिले ‘तळीराम’. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. दारूने नाश होतो तो सुधाकर वकिलाचा. तळीराम हा त्याचा कारकून, पहिला प्याला पुढे करणारा. तरी दारुड्याला आपण ‘सुधाकर’ म्हणत नाही. मला याचे कारण असे वाटते की सुधाकराची कीव येते; तळीराम मात्र व्यसनाचे हसत समर्थन करतो. थट्टेला तोच नमुना सोयीचा. ३१ डिसेंबर जवळ आला की ‘तळीरामांवर कारवाई’ अशी बातमी हमखास येते. विशेषनामाचे अनेकवचन झाले, त्याला विभक्तिप्रत्यय लागला आणि ‘कोण हा तळीराम?’ असे कोणी विचारीनासे झाले, की ते सामान्यनाम झाले असे समजावे.

दुसरे उदाहरण आपल्या दिल्लीतले आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ऑक्टोबर १९६२ मध्ये दिल्लीत झाला. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नाना नावांनी लोकांना फसवतो. त्यांतले एक सोंग कॅप्टन अशोक परांजपे याचे. प्रभाकर पणशीकरांनी ही सारी रूपे उभी केली. न्यायालयात प्रत्येक आरोपाला त्याचे उत्तर ठरलेले. आज भामट्याला ‘लखोबा’ म्हणतात आणि जबाबदारी झटकणाऱ्याला ‘तो मी नव्हेच’चा टोमणा बसतो. व्याकरण पाहा: रोजच्या बोलण्यात आपण ‘मी नाही’ म्हणतो, ‘नव्हे’ आता कमीच ऐकू येते. पण या वाक्यात ते टिकले, आणि शेवटच्या ‘च’मध्ये सारा निर्लज्जपणा आला.

वडिलांच्या बदलीबरोबर गाव बदलणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या हाती मराठी पुस्तक क्वचितच पडते. ही नाटके न पाहिलेली मुलेही हे शब्द अचूक वापरतात, हे मी वसतिगृहात ऐकतो. खिडकीची काच फुटली की चौकशीत सगळेच ‘तो मी नव्हेच’! हसू येते, पण लखोबाने ‘कॅप्टन’ हे पदही फसवणुकीसाठी वापरले होते, हे विसरू नका. गणवेश पाहून लोक विश्वास टाकतात. तो घालणाऱ्याने चूक झाल्यास ‘होय, तो मीच’ एवढेच म्हणायचे असते.

स्वाध्याय : सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना विचारून नाटकातून बोलण्यात आलेले आणखी तीन शब्द किंवा वाक्ये लिहून आणा. प्रत्येकापुढे नाटकाचे नाव, नाटककार आणि आजचा अर्थ लिहा.